सायफाय फिल्मसाठी लष्करी गाडी बांधायची आहे? नागपुरात सुरुवात कुठून करायची

आमच्या बावीस मिनिटांच्या फिल्मच्या संहितेत एकच ओळ होती: ‘धुळीतून सहाचाकी चिलखती गाडी येते आणि थांबते.’ लिहायला दहा सेकंद लागली, गाडी बांधायला साडेचार महिने. त्यातले दोन महिने तरी वाचले असते, कारण आम्ही सगळं उलट्या क्रमाने केलं. आधी देखणं चित्र काढलं, मग त्या चित्रात बसेल अशी गाडी शोधत फिरलो. कॉलेजची मुलं आणि हौशी मंडळी ‘कुठून सुरू करू?’ असं विचारत असतात. त्यांच्यासाठी हे सगळं एका जागी लिहितोय.

1. कागदावर शॉट मोजा

गाडी प्रत्येक शॉटमध्ये काय करते ते लिहून काढा. कोणती बाजू दिसते, चालते की उभी आहे, वेग किती, कोण चढतं-उतरतं, दार उघडतं का. आमचे गाडीचे 31 शॉट होते. यादी केल्यावर कळलं की 19 शॉटमध्ये फक्त डावी बाजू आणि नाक दिसतं, उजवी बाजू जवळून एकदाही नाही. मग उजव्या बाजूला सपाट पत्रा आणि रंग, बस. तिथले पैसे आणि हात डाव्या बाजूला लागले.

यादीत गाडी फक्त दोन-तीन दूरच्या शॉटमध्येच असेल तर खरी गाडी बांधूच नका. रिमोटवर चालणारी एक दशांश आकाराची गाडी घ्या, तिला कवच चढवा, जमिनीलगत कॅमेरा लावून जास्त फ्रेमरेटवर शूट करा. हिशोब सोपा आहे: आकार जितक्या पटीने लहान, त्या संख्येचं वर्गमूळ काढा आणि त्याने 24 ला, म्हणजे फिल्मच्या नेहमीच्या सेकंदाला 24 फ्रेमना, गुणा. दहाचं वर्गमूळ साधारण 3.16, म्हणजे सेकंदाला 76 फ्रेम. 24 वर दाखवल्यावर छोट्या गाडीचे हादरे जड गाडीसारखे वाटतात. धूळ मात्र लहान होत नाही, म्हणून मैदा चाळण्याच्या चाळणीतून चाळलेली माती वापरा.

2. चेसिस आधी, डिझाइन नंतर

आमची सर्वांत मोठी चूक इथे झाली, म्हणून इथे जरा थांबतो.

मोठ्या निर्मात्यांकडे बघा. ‘एलियन्स’ (1986) मधलं सैनिकवाहन विमानतळावर विमानं ओढणाऱ्या हन्सलेट कंपनीच्या ट्रॅक्टरवर बांधलेलं होतं. ‘जज ड्रेड’ (1995) मधल्या टॅक्सी ब्रिटिश लष्कराच्या जुन्या लँड रोव्हर 101 वर उभ्या केल्या होत्या. ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’ (2015) मधला वॉर रिग हा अवाढव्य ट्रक म्हणजे टाट्रा ट्रक आणि जुनी शेवरोले बॉडी यांची जोड. पैसा कितीही असो, त्यांनी आधी चालणारं जड वाहन मिळवलं आणि मग त्याच्या अंगाला धरून आकार रचला. ‘बॅटमॅन बिगिन्स’ (2005) च्या टम्बलरसारखी गाडी शून्यापासून बांधता येते, पण त्यासाठी अख्खी इंजिनिअरिंगची फौज लागते.

आपल्याकडे काय मिळतं? जुनी पिकअप, जीप, जिप्सी, टाटा 407. या सगळ्यांना खाली शिडीसारखी स्वतंत्र चेसिस असते, त्यामुळे बॉडीचं वजन थेट चेसिसवर घेता येतं. ओम्नीला ती नसते. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा, म्हणून ती स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. आम्ही आधी ओम्नीच घेतली होती. वर सांगाडा ठेवताच मागची दारं लागेनात.

मेकॅनिकला सोबत न्या आणि चारच गोष्टी बघायला सांगा: स्टार्ट, ब्रेक, स्टेअरिंग, टायर. इंजिन धूर सोडत असलं तरी चालतं, पडद्यावर तो शोभूनच दिसतो. ब्रेक कच्चा असेल तर फुकट मिळाली तरी नको.

गाडी आवारात आली की ड्रायव्हरच्या डोळ्यांची उंची, रेडिएटरची जागा, सायलेन्सरची वाट आणि पुढचं चाक पूर्ण वळल्यावर किती बाहेर येतं, हे मोजून घ्या. शेवटचं माप लोक हमखास विसरतात, आणि मग कवच इतकं घट्ट बसतं की गाडी फक्त सरळ जाते.

3. कागदपत्रं आणि कायदा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण वगळू नका.

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावून सांगितलं. बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘फिल्मसाठी केलं’ ही काही सवलत नाही.

म्हणून दोनच रस्ते उरतात. पहिला: गाडी चालू नोंदणीची ठेवा, काहीही कापू नका, सगळं कवच नटबोल्टने सुटणारं बनवा, ते खाजगी जागेत चढवा आणि तिथेच उतरवा. दुसरा: नोंदणी रीतसर रद्द झालेली गाडी घ्या. मग कापाकापी मोकळेपणाने करता येते, पण ती सार्वजनिक रस्त्यावर एक फूटही चालवायची नाही. ट्रकवर घालूनच न्यायची. आमची दुसऱ्या प्रकारची होती. तुमच्याकडे नात्यातल्या कुणाची पिकअप असेल तर मी पहिलाच रस्ता सुचवेन.

रंगाचंही ऐका. केंद्रीय मोटार वाहन नियम 121 प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे. नोंदणी रद्द असली तरी तो लावू नका. नंबर प्लेटवर वर जाणारा बाण, खऱ्या रेजिमेंटची चिन्हं, भारतीय सैन्याच्या गणवेशाची नक्कल, हेही नको. नागपूरला कामठीची छावणी आहे, सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे आहे, वायुसेनानगर आहे, अंबाझरीची आयुध निर्माणी आहे. इथल्या लोकांना खरी लष्करी गाडी ओळखू येते, आणि शंका आली तर ते पोलिसांना फोन करतात. करायलाच हवा. तुमचं सैन्य काल्पनिक आहे, तर त्याचा रंग आणि चिन्हंही काल्पनिक करा. आम्ही राखाडीवर विटकरी पट्टा घेतला.

सोबत एक फाइल ठेवा. तिच्यात एवढं हवं:

- आरसीची प्रत, किंवा नोंदणी रद्द झाल्याचा कागद आणि विक्रीपत्र
- गाडी दुसऱ्याची असेल तर मालकाचं लेखी संमतिपत्र, बदलाच्या तपशिलासह
- चालू गाडी असेल तर विमा आणि पीयूसी, आणि विमा कंपनीला काय करतोय ते आधी कळवल्याची प्रत
- जागामालकाची परवानगी. जागा सरकारी असेल तर चित्रीकरणाची रीतसर परवानगी
- स्थानिक पोलीस ठाण्यात दिलेल्या अर्जाची शिक्का मारलेली पोच. तारीख, वेळ, गाडीचा फोटो आणि खोट्या बंदुकांची संख्या त्यात हवीच
- ड्रायव्हरच्या लायसन्सची प्रत

अर्जासोबत गाडीचा फोटो जोडा, असं मी प्रत्येकाला सांगतो. आमच्या शूटच्या दिवशी दोन शिपाई आलेच होते. त्यांनी फोटो बघितला, गाडी बघितली, आणि चहा पिऊन गेले.

4. वजनाचा हिशोब

‘एलियन्स’च्या त्या ट्रॅक्टरमधूनसुद्धा वजनासाठी भरलेलं शिसं काढून वजन प्रचंड कमी करावं लागलं होतं. आपली तर पिकअप. आरसीवर रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन लिहिलेलं असतं. दोन्हींमधला फरक म्हणजे तुमची मर्यादा, आणि आतली माणसं त्यातच मोजायची.

आमच्या कवचाचं क्षेत्रफळ साधारण 30 चौरस मीटर होतं. 18 गेजचा लोखंडी पत्रा चौरस मीटरला सुमारे साडेनऊ किलो भरतो, म्हणजे नुसत्या पत्र्याचेच 280 किलो. 12 मिलिमीटरचं एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) जवळपास तेवढंच, आणि पाऊस लागला की फुगतं. तीन मिलिमीटरची एसीपी शीट (दोन्हीकडे ॲल्युमिनियम, मध्ये प्लास्टिक) चौरस मीटरला चार किलोच्या आसपास. बॅनरवाले वापरतात तो पाच मिलिमीटरचा सनबोर्ड अडीच-तीन किलो. आम्ही कमरेखाली पत्रा, कमरेवर एसीपी आणि छतावर सनबोर्ड लावला. जड खाली, हलकं वर. वळणावर गाडी कलंडू नये म्हणून हा नियम मोडू नका, दिग्दर्शक कितीही म्हणाला तरी.

5. सांगाडा

एक इंची चौकोनी पाइप, 16 गेज. वीस फुटांची एक लांबी सुमारे सात किलो. इतवारीच्या लोहाओळीत भाव विचारून या, मग हिंगणा एमआयडीसीकडे फॅब्रिकेशनवाला बघा. ग्रिल आणि शेड करणारा कारागीर चालेल, पण ट्रकच्या बॉडी बांधणारा मिळाला तर उत्तम. वाडीकडे असे लोक भेटतात. चालत्या गाडीवर काय टिकतं आणि काय खडखडतं, हे त्यांना हातानेच कळतं.

आमचे वेल्डरभाऊ पहिल्याच दिवशी चित्र बघून म्हणाले, “भाऊ, हे उभं तर राहीन, पण हलन कसं?” त्यांनी तिरपे आधार टाकायला लावले. आम्हाला ते चित्रात नको होते, म्हणून आतून टाकले. कच्च्या रस्त्यावर तेच वाचवतात.

तीन गोष्टी पाळा. चेसिसवर वेल्डिंग करू नका. यू-बोल्टने आवळा आणि मध्ये जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घाला. गाडीवर काही वेल्ड करायचंच असेल तर आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा. आणि सगळे जोड आधी नुसते टॅक मारून, म्हणजे वेल्डिंगचा एकेक ठिपका देऊन ठेवा, गुण्या (काटकोन) लावून दोन्ही बाजू तपासा, गाडी दहा मीटर लांबून बघा, मगच पक्के करा. जवळून सरळ वाटणारं नाक लांबून वाकडं दिसतं.

6. वरचं अंग: कूलर, चितारओळ आणि भंगार

इथे नागपूरकरांच्या हातात अशी गोष्ट आहे जी मुंबई-पुण्यात सहज मिळत नाही. कूलर. पत्र्याच्या जुन्या कूलरच्या बाजू काढा. तिरप्या पट्ट्यांची ती जाळी गाडीच्या मागच्या भागात आडवी बसवली, वर गडद राखाडी रंग मारला, की चिलखती गाडीच्या इंजिनचं व्हेंट तयार. आम्ही चार कूलरच्या दहा बाजू वापरल्या. एकीवर गंजाचा ओघळ आधीपासून होता, खालच्या नळातून वर्षानुवर्षं पाणी झिरपून आलेला. त्याला आम्ही हातही लावला नाही. फिल्ममध्ये सर्वांत खरी वाटते ती तीच जागा. हिवाळ्यात कूलर बनवणाऱ्यांना काम कमी असतं, तेव्हा ते पत्रा वाकवूनही देतात. मार्चनंतर विचारूसुद्धा नका.

गोल आणि फुगीर भागांसाठी महालातल्या चितारओळीत जा. मूर्ती आणि मारबतीच्या दिवसांतले बडगे, म्हणजे मोठाले पुतळे, करणाऱ्या कारागिरांच्या हातात बांबूची चौकट, सुतळी आणि कागदाचे थर बसलेले आहेत. आमच्या गाडीच्या डोक्यावरचा घुमट असाच झाला. फायबरचा भाव ऐकून आम्ही गप्प बसलो होतो, त्याच्या निम्म्याहून कमी पैशात आणि अगदी हलका. फक्त पोळ्याच्या आधीचा आणि गणपतीचा काळ टाळा.

बारीक तपशील भंगारातून आणा. जुने कॉम्प्युटर कॅबिनेट, मिक्सरचे बूड, स्कूटरच्या इंजिनच्या पंख्या, प्लंबिंगचे एल्बो, इनव्हर्टर बॅटरीची झाकणं. बॅटमॅनच्या टम्बलरचं पहिलं रूपही दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलन आणि प्रॉडक्शन डिझायनर नेथन क्राउली यांनी गॅरेजमध्ये तयार खेळण्यांच्या किटचे भाग जोडूनच शोधलं होतं. पण जे चिकटवाल त्याचं काम काय, हे स्वतःला विचारा. ही पायरी, हा हूक, हा अँटेनाचा पाया, हे पाण्याचे कॅन. काम नसलेला तुकडा गाडीला कपाट बनवतो. आम्ही एक पूर्ण दिवस फक्त तुकडे काढण्यात घालवला, आणि गाडी सुधारली.

7. खोटी चाकं

चारचाकी पिकअपला सहाचाकी दाखवायचं तर मागे जास्तीची जोडी लावावी लागते. आम्ही ती जमिनीपासून दोन इंच वर, पक्की बसवली. दिसायला सुंदर. एडिटिंगच्या वेळी कळलं की गाडी धावतेय, चार चाकं फिरतायत आणि शेवटची दोन स्थिर आहेत. तेरा शॉट गेले.

बरोबर पद्धत अशी: खोटं चाक बिजागरीच्या दांड्यावर लावा, खऱ्या हबवर आणि बेअरिंगवर. ते स्वतःच्या वजनाने जमिनीला टेकेल, भार घेणार नाही, पण फिरेल. खड्ड्यात वर-खालीही होईल, आणि तेच बघणाऱ्याला पटतं. रिव्हर्स घेताना दांडा अडकतो, म्हणून वर उचलून बांधायला साखळी ठेवा.

8. नजर, हवा, आग

कवचाची फट चार इंचांची असते. ड्रायव्हरला बोनेटसमोरचं काही दिसत नाही. नाकात रिव्हर्स कॅमेरा लावा आणि आत सात इंची स्क्रीन. त्याशिवाय बाहेर वॉकीटॉकी घेतलेला एक माणूस सतत हवा, आणि तो ‘थांब’ म्हणाला की दिग्दर्शक काहीही म्हणो, गाडी थांबते. वेग वीसच्या आत. फिल्ममध्ये वेग कॅमेरा खाली ठेवून आणि धूळ उडवून मिळतो.

रेडिएटरसमोर मूळ जाळीएवढी मोकळी जागा सोडा. आमचं नाक पूर्ण बंद होतं. मे महिन्यात, 45 अंशांत, आठव्या मिनिटाला काटा लाल पट्टीत. त्याच संध्याकाळी ग्राइंडरने नाक उघडलं आणि तिथे कूलरची जाळी लावली.

सनबोर्ड, फोम, चिकटवायचं एसआर सोल्युशन, थिनर हे सगळं भराभर पेटतं. सायलेन्सरपासून एक फूट कुठलीही शीट नको. सायलेन्सरची नळी कवचाच्या बाहेर काढा, नाहीतर धूर आत कोंडतो आणि माणूस गुंगतो. एबीसी प्रकारचे दोन अग्निशामक ठेवा, एक आत, एक कॅमेऱ्यापाशी. बॅटरी तोडायचा स्विच ड्रायव्हरच्या हाताशी. आतून, हत्याराशिवाय उघडणारी बाहेर पडायची दोन दारं. ड्रायव्हरला डोळे बांधून बाहेर पडायला लावा. आमच्या ड्रायव्हरला पहिल्यांदा 40 सेकंद लागली, कडी बदलल्यावर सात.

9. रंग आणि मळ

रेड ऑक्साईड, मग लांबी (पुट्टी), मग प्राइमर, मग मॅट रंग. चमकणारा रंग घेतलात की पत्र्याचं दुकान दिसतं. डेंटिंग-पेंटिंगवाल्याला ‘मॅट’ हे तीन वेळा सांगा, कारण त्याचा हात चकाकीकडेच जातो. भर उन्हात रंगवू नका, फवारा हवेतच सुकून खरखरीत बसतो. सकाळी आठच्या आत उरका.

मळवणं मुलतानी मातीने करा. काळा आणि तपकिरी रंग पातळ करून सांध्यांत सोडा आणि फडक्याने पुसून घ्या. ओरखडे फक्त हात, बूट आणि हत्यारं लागतात तिथेच. जागेची माती आधी बघून या: मुरमाची लाल धूळ आणि शेतातली काळी माती वेगळी असते. लाल खदानीत काळा चिखल माखलेली गाडी लगेच खोटी पडते.

10. जागा आणि वाहतूक

कवचाची रुंदी आठ फुटांच्या आत ठेवा, म्हणजे साध्या ट्रकच्या हौद्यावर बसते. ट्रकच्या हौद्याची उंची आणि गाडीची उंची बेरीज करा, मग टेप घेऊन रस्ता बघून या. लोहापूल आणि नरेंद्रनगरचा भुयारी मार्ग टाळून जायचं आहे, हे ट्रकवाल्याला आदल्या दिवशी सांगा. चढवायला-उतरवायला हायड्रा क्रेन लागते. पट्टे चेसिसला बांधायचे, कवचाला नाही.

जागेसाठी पाचगावकडच्या खाजगी दगडखाणी चांगल्या, पण मालकाची लेखी परवानगी आणि त्या दिवशी सुरुंग नाहीत याची खात्री, दोन्ही हवं. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या बाजूला वनहद्द कुठे सुरू होते ते नकाशावर बघा. ड्रोन उडवायचा तर डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर क्षेत्र तपासा. सोनेगावचा विमानतळ आणि लष्करी जागांमुळे शहराचा बराच भाग बंद असतो.

उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला पहिला शॉट, दहाला बंद, पुन्हा पाचनंतर. आत बसणाऱ्या कलाकाराला दर दहा मिनिटांनी बाहेर काढा. पाणी, मीठ-साखर आणि ओला दुपट्टा. लू लागलेला माणूस ‘मी ठीक आहे’ असंच म्हणतो, त्याचं ऐकू नका.

11. नंतर

गाडी ठेवायची जागा शूटच्या आधी ठरवा. पावसाळा जूनच्या मध्यात येतो आणि कागदी घुमट पहिल्या सरीतच बसतो. नोंदणी चालू असलेल्या गाडीचं कवच त्याच आवारात उतरवा आणि जसं होतं तसं झाल्याचे फोटो मालकाला द्या. सांगाड्याचे पाइप कापण्याआधी दुसऱ्या कुणाला हवे आहेत का, विचारा. आमचा अर्धा सांगाडा आज एका नाटकाच्या सेटखाली आहे. उरलेलं लोखंड किलोवर गेलं. गंजाचा ओघळ असलेली कूलरची बाजू मात्र मी दिली नाही. ती घरी गच्चीच्या जिन्यात उभी आहे, आणि पुढच्या गाडीत लागणार आहे.